पेन्सिलीची फुली

त्या वर्षी ऑक्टोबरभर आभाळाने एक थेंब टाकला नाही. पेनसिल्व्हेनियातल्या त्या टेकड्यांच्या उपनगरात मेपलची पानं लाल होण्याआधीच करपली, आणि अंगणात पाचोळा जाळू नये अशा सूचना एक दिवसाआड फोनवर येऊ लागल्या. सुकलेल्या गवतातून दोन्ही पक्षांच्या पाट्या उगवल्या होत्या. त्यांच्या शेजारी हॅलोविनसाठी आणलेले प्लास्टिकचे सांगाडे उभे होते. वसुधा देवस्थळी सकाळी फिरायला निघाली की तिला क्षणभर कळत नसे, यांतलं नेमकं कोण कोणाला घाबरवायला उभं आहे.

राष्ट्राध्यक्ष कोण होणार ते यंदा या राज्यावर ठरणार, असं सगळे म्हणत होते. मतदार पाहणीचे आकडे महिनाभर एकाच जागी अडून बसले होते. अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस. टीव्ही लावला की धोका, रेडिओ लावला की धोका. एका बाजूच्या जाहिरातीत दारं फोडून आत येणारे लोक, दुसऱ्या बाजूच्या जाहिरातीत दारं फोडून लोकांना बाहेर नेणारे. फोनवर अनोळखी नंबरांवरून निरोप येत: ‘वसुधा, तुम्ही कोणाला मत देता ते गुप्त असतं. देता की नाही, हे सार्वजनिक असतं. आम्ही पाहतो आहोत.’ पुढे एक हसरा चेहरा.

वसुधेने सव्वीस वर्षं एका रक्तपेढीत काढली होती. काचपट्टीवर दोन माणसांच्या रक्ताचे थेंब एकत्र करायचे आणि पट्टी हलकेच कलती करत पाहत राहायचं. जुळलं तर लाल रंग सपाट पसरतो. नाही जुळलं तर त्यात वाळूसारखे कण दिसू लागतात, मग गुठळ्या. यंदाचा प्रचार पाहताना तिला सारखं ती पट्टी हातात असल्यासारखं वाटे. कण दिसू लागले होते.

तिची मतपत्रिका ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात टपालाने आली. अरुणचीही आली. तिने आपलं पाकीट न फोडता जेवणाच्या टेबलाच्या खणात, टेबलक्लॉथच्या घडीखाली ठेवलं. या खेपेला ते तिचं तिलाच भरायचं होतं. एवढंच. पण या ‘एवढंच’ला चाळीस वर्षांत त्या घरात जागा झालेली नव्हती.

त्या घरात कागद अरुणचे असत. तो निवृत्त सिव्हिल इंजिनियर. नागपूरहून एक्क्याऐंशी साली आला, दोन वर्षांनी वसुधेला घेऊन आला, आणि तिच्या पहिल्या व्हिसापासून परवाच्या दातांच्या विम्यापर्यंत प्रत्येक अर्ज त्यानेच भरला. तिथल्या महाराष्ट्र मंडळातले लोक त्याला कौतुकाने ‘फॉर्मकाका’ म्हणत. त्याची एक पद्धत होती. अर्ज पूर्ण भरायचा, आणि जिथे बायकोची सही हवी तिथे पेन्सिलीने बारीकशी फुली मारायची. मग रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर गठ्ठा तिच्यापुढे सरकवायचा. ती फुली शोधायची आणि सही करायची. मागून तो खोडरबराने फुल्या पुसून टाकायचा. रक्तपेढीत दोघींनी मोठ्याने वाचून पडताळल्याशिवाय एक पिशवी खोलीबाहेर जात नसे. आणि तीच वसुधा घरी काही वाचत नसे. त्यात अविश्वास नव्हता, सक्तीही नव्हती. कुकरची तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद करावा, तशी ती सही होती.

त्या रविवारीही गठ्ठा आला. सात फुल्या, सात सह्या. लेकीचा, आशूचा, फोन येऊन गेला होता, आणि वसुधेचं अर्धं मन तिच्या आवाजात अडकलं होतं.

मंगळवारी अरुण बँकेत गेला असताना तिने खण उघडला. टेबलक्लॉथ होता. पाकीट नव्हतं.

तो परत आल्यावर तिने चहा ठेवला, आणि पाण्याला आधण येईपर्यंत थांबून विचारलं, “अहो, खणातलं माझं मतपत्रिकेचं पाकीट पाहिलंत का?”

“ते? झालं की ते.” तो बूट काढत होता. “रविवारी सही नाही का केलीस. बाहेरच्या पाकिटावर.”

“म्हणजे भरलंत?”

“मग? कोरं पाठवू?” तो हसला. “आतल्या पाकिटात घालून, तारीख घालून, सगळं व्यवस्थित. लोक आतलं पाकीट विसरतात आणि मत बाद होतं. गुरुवारी काउंटी ऑफिसबाहेरच्या मतपेटीत टाकून येतो.”

“मी भरणार होते.”

“चार निवडणुका मीच भरतोय, वसुधा.”

“ते झालं. यंदा मी भरणार होते.”

अरुणने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गणितात अनपेक्षित अपूर्णांक निघावा तसं काहीसं होतं. “वेगळं काय भरणार होतीस?”

चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला आणि ओटा पुसायला घेतला. प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ होतं, पण ते तिच्या एकटीचं नव्हतं.

ते उत्तर टेक्ससमध्ये, डॅलसजवळच्या फ्रिस्कोत राहत होतं. आश्लेषा, त्यांची एकुलती एक मुलगी, छत्तीस वर्षांची. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तिला सतरावा आठवडा लागला होता. अरुण तेव्हा भावाच्या बायपाससाठी नागपूरला गेला होता. बाबा परतले की विमानतळावरच त्यांना सांगू, असं मायलेकींनी ठरवलं होतं. त्या आधीच एका दुपारी आशूचं पाणी फुटलं. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई तिच्याशी बोलताना तिच्याकडे न पाहता दाराकडे पाहत होत्या. बाळ वाचणार नाही, म्हणाल्या. पण ठोके चालू आहेत तोवर इथल्या गर्भपातबंदीच्या कायद्याने आम्हाला हात लावता येत नाही. घरी जा. ताप आला तर या. निमिषने, जावयाने, तिला घरी आणलं, आणि ते दोघं ताप येण्याची वाट पाहत बसले. आईला तिकीट मिळेना. ती इकडे फोन कानाला लावून बसली. तिसऱ्या दिवशी पहाटे ताप एकशे तीनवर गेला, तेव्हा कुठे कायद्याची खात्री पटली. पुढचे पाच दिवस आशू अतिदक्षता विभागात होती.

“बाबांना सांगू नकोस,” बोलायला लागल्यावर ती म्हणाली होती. “ते त्याचा फॉर्म करतील. किती वाजता गेलात, कोण काय म्हणालं, लेखी घेतलं का. आणि मग कोणी आणला तो कायदा, त्यावर आमचं भांडण. माझ्या पोटावर मला डिबेट नकोय, आई. प्रॉमिस कर.”

वसुधेने प्रॉमिस केलं. अरुण परतला तेव्हा, त्याच्यापुरतं, आशूचं अपेंडिक्स काढलं होतं.

आणि आता आशूला पुन्हा चौदावा आठवडा होता. हेही अरुणला माहीत नव्हतं. वीस होऊ देत, मग सांगू, असं ठरलं होतं. रोज सकाळी अकराला, तो फिरायला गेला की, फोन येई. आज ठीक आहे. आजही ठीक आहे. वसुधा त्या दोन शब्दांवर चोवीस तास काढत असे.

एका मताने टेक्ससमधला कायदा हलणार नाही, हे तिला कळत होतं. कोणाच्याही भाषणाने ती भारावलेली नव्हती. ज्याला मत द्यायचं त्या बाजूचीही कित्येक आश्वासनं तिला जाहिरातीतल्या दातांसारखी फार पांढरी वाटत. पण ज्या देशात तिच्या मुलीच्या तापाची वाट पाहिली गेली, त्या देशाला तिला एकदा, स्वतःच्या हाताने, काही लिहून सांगायचं होतं. लिहिण्याची जागा मतपत्रिकेवर नावापुढे छापलेल्या एका लंबगोलाएवढीच होती. आणि ती आधीच काळी केलेली होती, विरुद्ध ओळीत.

बुधवारी संध्याकाळी प्रसाद आला. दोन घरं सोडून राहणारा, चाळिशीचा, पुण्याचा. बारा वर्षं वर्क व्हिसावर होता आणि त्याच्या ग्रीन कार्डाची रांग त्याच्या हयातीत संपणार नाही असं तो स्वतःच आनंदाने सांगत असे. हातात नूतनीकरणाचे कागद होते.

“या, मतदार महाशय,” अरुण म्हणाला.

“टोमणा पोचला, काका.” प्रसाद खुर्ची ओढून बसला. “ज्यांना मत नाही त्यांनाच इथे मतं फार. माझ्या ऑफिसात सहा देसी. वोट एकाला नाही, आणि लंचला जे भांडतात ना! काल देवांग आणि शिव एकमेकांशी बोलायचे थांबले. यार, दोघांनाही मत नाही!”

“तुला मत असतं तर कोणाला दिलं असतंस?” वसुधेने चिवड्याची वाटी ठेवली.

“काकू, मी भितो. मला दोन्हीकडचे ‘आधी यांना बघून घेऊ’ म्हणतात असंच ऐकू येतं.”

“कायद्याने आलेल्याला कसली भीती?” अरुण कागदांवरून नजर न काढता बोलला. “मी रांगेत उभा राहून आलो. कर भरला. कुठली रांग मोडली नाही. देशात शिस्त हवी, एवढंच म्हणणारा माणूस यांना राक्षस वाटतो. आमच्या घरात दोन्ही मतं शिस्तीला आहेत बाबा. उद्या पेटीत पडतील.”

“दोन्ही?” प्रसादने सहज काकूंकडे पाहिलं. त्याने काय पाहिलं कोण जाणे, पण चिवड्याचा घास तोंडाशी थांबला, आणि मग तो छताकडे पाहत, कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, “एक मजा आहे ना काका इथली. टपालाचं पाकीट मतदाराच्या हातात असेल तोवर विचार बदलता येतो. मतदानाच्या दिवशी ते पाकीट केंद्रावर परत द्यायचं, ते रद्द करतात आणि नवी पत्रिका देतात. पण एकदा का पेटीत पडलं की संपलं. देवाचा बापही काढू शकत नाही.”

“मला शिकवतोस?” अरुण म्हणाला. “तो नियम मीच तुला सांगितला होता.”

“तेच म्हणतोय,” प्रसाद म्हणाला, आणि चिवडा खाऊ लागला.

त्या दिवशी वसुधेने ते पाकीट शोधलं नाही. अरुणची कप्प्याकप्प्यांची फाइल कपाटात होती, कपाटाला कुलूपही नव्हतं. पण चोरावं लागलं तर ते आपलं कसं, असा एक विचित्र विचार तिच्यात हट्टाने बसून राहिला. गुरुवारी सकाळी तो गाडीची किल्ली शोधू लागला तेव्हा ती चप्पल घालून दारात उभी होती.

“तू कशाला? ऊन आहे.”

“लायब्ररीचं पुस्तक द्यायचंय.”

गाडीत बसल्याबरोबर तिचा फोन वाजला, आणि पुढच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत नाव उमटलं: आशू. अरुणच्या गाडीला ही खोड होती. आत बसलेल्या प्रत्येकाचा फोन ती आपलासा करी आणि छतातून बोलू लागे. वसुधेने घाईने तो कापला.

“घ्यायचा की. मलाही बोलायचं होतं.”

“मग करते. तिची मीटिंग असते आत्ता.” खोटं किती सहज जमायला लागलं आहे, हे पाहून ती स्वतःच चपापली.

काउंटीच्या इमारतीबाहेर पोलादी पेटी होती, वर कॅमेरा, आणि बाजूला घडीच्या खुर्चीत एक कृष्णवर्णीय वृद्ध गृहस्थ, गळ्यात ओळखपत्र. रस्त्यापलीकडे एक ट्रक उभा होता. त्यात बसलेला गॉगलवाला माणूस पेटीपाशी येणाऱ्या प्रत्येकाचा फोनने फोटो काढत होता. कोणी त्याला अडवत नव्हतं. जो तो मान खाली घालून, पाकीट टाकून, भरभर निघून जात होता. वाऱ्याने सुकी पानं सिमेंटवर खरवडत होती.

अरुणने दोन्ही पाकिटं पुढे केली. गृहस्थ उठले.

“फक्त आपलं स्वतःचं, सर.”

“ही माझी पत्नी. इथेच आहे.”

“मग त्यांचं त्यांना टाकू द्या.” ते वसुधेकडे पाहून हसले. “ज्याचं त्याने. नियम आहे, मॅडम.”

नियम म्हटल्यावर अरुणचा हात आपोआप वळला. आयुष्यभर त्याने एकही नियम मोडलेला नव्हता. त्याने स्वतःचं पाकीट फटीतून आत सोडलं. तळाशी ते पडल्याचा आवाज आला, लहानसा, बंद. मग दुसरं पाकीट त्याने बायकोच्या हातात दिलं.

तिने ते उलटवून पाहिलं. तिची सही होती. सहीच्या डाव्या बाजूला, नीट पुसूनही, पेन्सिलीच्या फुलीची एक पुसट खाच कागदात राहिली होती. सव्वीस वर्षं एकही पिशवी न वाचता सोडली नव्हती तिने. फट समोर होती. मागे तीन माणसं. पलीकडे तो फोन.

वसुधेने पर्स उघडली, पाकीट आत ठेवलं, आणि चेन लावली.

“मॅडम?”

“मी केंद्रावर जाऊन देईन,” ती इंग्रजीत म्हणाली. तिचा आवाज तिला अपेक्षेपेक्षा मोठा वाटला.

“दॅट्स युअर राइट,” गृहस्थ म्हणाले आणि परत खुर्चीत बसले, जणू दिवसाकाठी असं दहा वेळा घडतं.

परतीच्या वाटेवर अरुणने दोन सिग्नल ओलांडले. मग म्हणाला, “चार माणसांत.”

“घरी विचारलं असतंत तर घरी सांगितलं असतं.”

“काय सांगितलं असतंस? कोणी भरवलं तुझ्या डोक्यात? त्या प्रसादने?”

“माझ्या डोक्यात माझंही काही असू शकतं, अहो.”

“म्हणजे माझं मत तू खोडणार.” त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. “मी एक घालायचं, तू एक काढायचं. शून्य. या घराने मतदान केलंच नाही म्हण ना.”

सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर येत होतं. एप्रिल, सतरावा आठवडा, तीन दिवस, एकशे तीन. चार शब्दांत हा भला, हट्टी माणूस कोसळला असता. कदाचित त्याने गाडी तिथेच थांबवली असती. पण आशूने प्रॉमिस घेतलं होतं. आणि दुसरंही एक होतं, जे कबूल करायला तिला आवडत नव्हतं: कारण दाखवल्याशिवाय आपलं मत आपलं असू शकत नाही का, हे तिला पाहायचं होतं.

त्यानंतरचे बारा दिवस त्या घरात हवा थोडी थोडी कमी होत गेली. बोलणं चाललं होतं. दूध आणलं का, औषध घेतलं का. रविवार आला तेव्हा टेबलावर गठ्ठा आला नाही. समोरच्या घरची पाटी एका सकाळी मधोमध चिरलेली सापडली, आणि दुपारपर्यंत तिच्या जागी तीन नव्या लागल्या. किराणा दुकानात पाण्याचे कॅन संपले. काही होणार नाही, असं प्रत्येक जण म्हणत होता आणि प्रत्येक जण गाडीची टाकी भरून घेत होता. दूर कुठेतरी रान पेटलं होतं. धूर दिसत नव्हता, पण सकाळी खिडकी उघडली की घशाला लागे. रोज अकराला फोन येई. आज ठीक आहे. पंधरावा संपला. सोळावा लागला. आजही ठीक आहे.

मतदानाच्या मंगळवारी अरुण सकाळीच तयार होऊन बसला.

“मी सोडतो,” तो वर्तमानपत्रातून म्हणाला. “शाळेच्या त्या पार्किंगमध्ये तुला जमत नाही.”

“माझ्याच मतावर पेट्रोल जाळणार?”

“शून्य व्हायचं तर नीट होऊ दे.” आणि बारा दिवसांत पहिल्यांदा त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिला त्या क्षणी तो इतका ओळखीचा वाटला, की डोळे भरून आले.

शाळेच्या व्यायामशाळेत रांग होती. बास्केटबॉलच्या जाळीखाली पुठ्ठ्याचे आडोसे लावलेले, दारात एक पोलीस, पूर्वी कधी नसे. रांगेत कोणी बोलत नव्हतं. लोक एकमेकांच्या टोप्या, बिल्ले, त्वचेचा रंग पाहून मनाशी बेरजा करत होते, आणि नजरानजर झाली की छताकडे पाहत होते. वसुधेने पाकीट टेबलावर ठेवलं. तिथल्या तरुण मुलीने ते उलटवलं, यादीत नाव पाहिलं, एक प्रतिज्ञापत्र पुढे केलं. सही कुठे करायची ते दाखवायला तिने बोट टेकवलं.

“थांब,” वसुधा म्हणाली. “आधी वाचते.”

तिने सगळं वाचलं. बारीक अक्षरांतलं सुद्धा. मागची माणसं चुळबुळली. मग तिने सही केली. मुलीने जुन्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘रद्द’ लिहिलं आणि न फोडता ते बाजूच्या पिशवीत टाकलं. अरुणचा तो रेखीव लंबगोल आतल्या आत, कोणी न पाहता, मेला.

आडोशामागे तिने पेन उचललं. काचपट्टीवर थेंब सोडताना हात जसा स्थिर होई, तसाच आता होता. तिने ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि लंबगोल कडेकडेने भरत आत नेला. त्याला वीस सेकंद लागली असतील. यंत्राने कागद आत ओढला आणि पडद्यावरचा आकडा एकाने वाढला. कोणीतरी तिच्या स्वेटरवर लहानसा गोल स्टिकर चिकटवला.

बाहेर आली तेव्हा अकराला दोन मिनिटं होती. अरुणने गाडी दाराशी आणली होती. ती बसली, पट्टा ओढू लागली, आणि त्याच वेळी पडद्यावर नाव उमटलं: आशू. तिचा एक हात पट्ट्यात अडकलेला. अरुणने नेहमीच्या सवयीने स्टिअरिंगवरचं बटण दाबलं.

“बोला बाईसाहेब! तुमच्या मातोश्री आत्ताच माझं मत खोडून—”

“आई.” छतातून आलेला आवाज त्याच्या बोलण्याच्या पलीकडून कुठून तरी येत होता, तिने त्याला ऐकलंच नव्हतं. “आई, पाणी जातंय. परत. मागच्या वेळसारखंच. निमिष गाडी काढतोय. तेच हॉस्पिटल आहे गं, दुसरं जवळ नाही. ते परत घरी पाठवतील का?”

मग आशूला इकडची शांतता ऐकू आली असावी.

“बाबा आहेत का तिथे?”

“आहेत,” वसुधा म्हणाली. “आम्ही दोघं आहोत. निघ तू. घरी पाठवलं तर जाऊ नकोस, दारात बस. मी येतेय.”

फोन बंद झाला. गाडी सुरू होती. मागून कोणीतरी हॉर्न दिला. अरुणने ऐकला नाही.

“परत म्हणजे?” त्याने विचारलं. तिला नाही, समोरच्या काचेला.

तिने सांगितलं. पिशवीवरची चिठ्ठी वाचावी तसं, सपाट आवाजात, एकही शब्द न वाढवता. तारीख. आठवडा. दाराकडे पाहत बोलणाऱ्या बाई. ताप येण्याची वाट. अतिदक्षता. आणि अपेंडिक्स आशूच्या पोटात अजून आहे, हे.

अरुणने खिशातून फोन काढला, विमानाच्या तिकिटांचा अर्ज उघडला आणि भरू लागला. डॅलस. दोन प्रवासी. नावाच्या रकान्यात त्याने ‘वसुधा’ लिहिलं आणि बोट तिथेच राहिलं. जन्मतारीख, जी त्याने हजार अर्जांवर लिहिली होती, त्याला आठवेना. तिने ती सांगितली. मग त्याने मान वळवून शाळेच्या दाराकडे पाहिलं. रांग आता रस्त्यापर्यंत आली होती.

“हे किती वाजेपर्यंत असतं?”

“आठ.”

“नऊ तास आहेत.” त्याने सवयीने हिशेब केला. आणि खालचा ओठ दातांखाली धरून, जणू कोणी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत असल्यासारखा, म्हणाला, “माझं गेलं.”

मागचा हॉर्न पुन्हा वाजला. त्याने गाडी गिअरमध्ये टाकली. रस्त्याच्या दोन्ही कडांना वाऱ्याने पाट्या वाकल्या होत्या, सुक्या गवतावर नावं घासत होत्या, आणि हवेला तोच वास होता, अजून न दिसलेल्या आगीचा. वसुधेने फोन दोन्ही हातांत धरून मांडीवर ठेवला. या वेळी तो वाजला असता, तर तिने कापला नसता.